घरी घडविलेले चिलखत

सोंग घेण्याची हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात मोडत असे. आता तो पालघर जिल्ह्यात गेला आहे. तेथे बोहाड्याच्या उत्सवात गावकरी देवांचे व दैत्यांचे मुखवटे चढवून रात्र रात्र नाचतात. कागदाच्या लगद्यापासूनही हे मुखवटे घडवितात. तळकोकणातील दशावतारी मंडळी आपली रंगभूषा आपल्याच हाताने करतात. तेव्हा आम्ही चौघांनी यंदा सोंगे घेतली यात नवल ते काय? परंतु आमची सोंगे देवादिकांची नसून चित्रकथांतील वीरांची होती, आणि ती आम्ही मुंबईच्या कॉमिक कॉन नामक मेळ्यास जाण्यासाठी घेतली, म्हणून वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. त्या आठ्या कशा मावळल्या हे प्रिय वाचकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या मेळ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चित्रकथांच्या चाहत्यांनी एकत्र जमावे व आवडत्या पात्रांचा वेष करून यावे, ही चाल अमेरिकेत फार जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्या वेळी फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून गेले होते, व ते दोन्ही पोशाख त्या बाईंनी स्वतः शिवले होते. पुढे जपानी लोकांनी या हौसेस ‘कॉस्प्ले’ असे सुटसुटीत नाव दिले. आपल्या देशात असा मेळा २०११ साली दिल्लीस प्रथम भरला, आणि लवकरच मुंबईसही भरू लागला.

आम्ही चौघे डोंबिवलीत एकाच इमारतीत राहतो. आमच्यातील एका मुलीने लोहपुरुष, म्हणजे आयर्न मॅन, व्हावयाचे योजिले. सर्वांत धाकट्याने वेताळ व्हावयाचे ठरविले. उरलेल्या दोघांनी कारागिरी पत्करली. तयार पोशाख विकत मिळतात हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्यांच्या किमती ऐकूनच आम्ही गप्प बसलो. घरून चौघांस मिळून १२०० रुपये मंजूर झाले, तेही अभ्यासाची वेळ सोडून काम करण्याच्या अटीवर. शिवाय आमचा असा समज होता, व आजही आहे, की जो वीर आपले चिलखत स्वतः घडवितो, त्याचे सोंग विकतच्या चिलखतात शोभत नाही. १९६३ सालच्या पहिल्या गोष्टीत लोहपुरुष शत्रूच्या कैदेत असताना चिलखत बनवितो. १९६२ साली जन्मलेला स्पायडरमॅन हा तर शाळकरी मुलगा. तो आपला पोशाख घरीच तयार करतो.

पूर्वी असल्या कामास थर्माकोल वापरीत. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, हे एका अर्थी बरेच झाले. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरतात त्या फोमच्या चटया आम्ही घेतल्या. वेताळासाठी जांभळे कापड उल्हासनगरच्या बाजारात स्वस्त मिळाले. फोम तापविण्याचे गरम हवेचे यंत्र ओळखीच्या एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने रविवारपुरते दिले.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या गृहस्थांकडे वळू. आमच्यातील त्या मुलीच्या आजोबांस आम्ही सारेच आबा म्हणतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. तो कारखाना बंद पडल्यास आता पुष्कळ वर्षे झाली. त्या दिवसापासून आबांची हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली ती बाहेर आलीच नाही. रंधे, पटाशा, कंपास, सर्व काही तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. यंदा आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची होती. भाड्याची जागा लहान, म्हणून ती जड पेटी भंगारात द्यावी असे घरात ठरू लागले होते. आबा त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांचे हे गप्प बसणे त्यांच्या नातीस फार लागले होते.

आमच्या उद्योगाकडे आबा आरंभी तिरस्कारानेच पाहत. “परीक्षा तोंडावर आली, आणि ही कसली परदेशी सोंगे!” असे म्हणून ते वर्तमानपत्र उघडीत. परंतु एके दिवशी धाकट्याने डोळ्यांवर जांभळी पट्टी बांधली व कवटीची अंगठी बोटात घातली. आबांनी चष्मा सावरला.

“हा वेताळ ना रे?”

“हो, आबा. तुम्हांला कसा ठाऊक?”

“मला कसा ठाऊक! अरे, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून ठाऊक आहे. कवटीची अंगठी उजव्या हातात घाल. डाव्या हातात दुसरी, रक्षणाच्या खुणेची.”

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघू लागली व पुढे ती मराठीतही येत, हे आम्हांस त्या दिवशी कळले. एक पुस्तक साऱ्या चाळीतून फिरे व शेवटी मुखपृष्ठावाचून परत येई, असे आबांनी सांगितले. वेताळाचा जनक ली फॉक याने त्यास १९३६ साली निर्माण केले. म्हणजे ज्यास आबा परदेशी सोंग म्हणत होते, ते त्यांचेच बालपण होते.

यानंतर ते आमच्याजवळ येऊन बसू लागले. शिरस्त्राणाचा कपाळपट्टा कापण्यापूर्वी त्यांनी विचारले, “डोक्याचा घेर ५४ सेंटीमीटर, फोमची जाडी १. मग पट्टी किती लांब कापाल?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेव्हा त्यांनी जमिनीवर खडूने दोन वर्तुळे काढली. पट्टी वाकविली की तिची आतली बाजू दबते व बाहेरची ताणते. लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. आतला घेर ५४ हवा, तर मधला घेर त्याहून ‘पाय’ गुणिले १ इतका, म्हणजे सुमारे ३.१ सेंटीमीटरने मोठा. एकूण ५७.१. वर्गात पाठ केलेले ‘पाय’ असे डोक्यावर बसलेले आम्ही प्रथमच पाहिले! आबा म्हणाले, “ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून आम्ही नमुना तितका मोठा करत असू. वस्तू शेवटी कशी होणार ते आधी डोळ्यांपुढे आणावे, मग हत्यार उचलावे.”

आणि त्यांनी खरोखरच हत्यार उचलले. नातीने पलंगाखालून पेटी ओढली. कंपास निघाला, पातळ पात्याची सुरी निघाली, तिला धार लागली. कडा तिरप्या कापल्या म्हणजे दोन तुकडे कोनात नीट मिळतात, हे त्यांनी करून दाखविले. फोम तापवून पृष्ठभागास किंचित चकाकी आली की तो पातेल्यावर दाबून धरावयाचा व निवेपर्यंत सोडावयाचा नाही; अशा रीतीने छातीचा उभार साधला. दोन्ही कडांस डिंक लावून दहा मिनिटे थांबावयाचे व मग जोडावयाचे. त्याचा वास उग्र, म्हणून हे काम गच्चीवर. नंतर लाकडाच्या डिंकाचे पाणी घालून पातळ केलेले तीन हात, त्यावर काळा रंग, आणि वर कोरड्या फडक्याने लाल व सोनेरी. असे केल्याने खाचांत काळे राहते व चिलखत लढाईतून आल्यासारखे दिसते. हिशेब झाला तेव्हा १२०० पैकी ८५ रुपये शिल्लक होते.

मेळ्याच्या दिवशी आम्ही मालडब्यातून निघालो, कारण इतर डब्यांत ते चिलखत सुखरूप राहणे अशक्य. एका भाजीवाल्या मावशींनी आपली टोपली सरकवून त्यास जागा दिली व “हे कुठल्या देवाचं, गो?” असे विचारले. देवाचे नव्हे असे सांगितले, तरी उतरताना त्यांनी ते दोन्ही हातांनी जपूनच आमच्याकडे दिले. प्रवेशद्वारी प्रत्येकाचे साहित्य तपासतात. धातूचे पाते किंवा खरे शस्त्र आत नेऊ देत नाहीत. आमचे सारे फोमचे, म्हणून अडचण आली नाही. आत आमच्याहून कितीतरी सुंदर पोशाख होते. आम्हांस बक्षीस मिळाले नाही व त्याचे दुःखही झाले नाही. मात्र अनेकांनी थांबून विचारले की हे शिरस्त्राण इतके बरोबर कसे बसले. त्या प्रत्येकास आमची मैत्रीण सांगे, “आमच्या आबांनी बसविले.”

रात्री घरी परतलो तेव्हा आबा जागेच होते. गर्दी किती होती, कोण कोण भेटले, यांपैकी काही त्यांनी विचारले नाही. शिरस्त्राण हाती घेऊन कानापाशी अंगठा फिरविला व म्हणाले, “जोड कुठे उघडला का?”

“नाही, आबा.”

त्यांनी मान हलविली. दुसऱ्या दिवशी सामान बांधताना मुलास ते इतकेच म्हणाले, “पेटी माझ्याबरोबर येईल. हवे तर माझा पलंग ठेवू नका.” पेटी आज भाड्याच्या जागेत खिडकीखाली आहे. तिच्यावर बसून धाकटा अभ्यास करतो.

पालकवर्गास आमची नम्र विनंती एवढीच, की मुलांच्या हौसेस रिकामा उद्योग म्हणण्यापूर्वी तीत क्षणभर डोकावून पाहावे. तीत भूमिती असते, काटकसर असते. आणि आमच्या विद्यार्थीबंधूभगिनींस सांगणे असे, की ज्या कसबाच्या शोधात आपण दूरदूरची चित्रे पाहत बसतो, ते पुष्कळदा आपल्याच घरात पलंगाखाली तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते. ते बाहेर काढावयास कोणी तरी विचारावे मात्र लागते.

— इयत्ता नववीचे चार विद्यार्थी