एका कारणाला एक नाव

ब्राउझरला नावाशी काही देणंघेणं नसतं. बटणाच्या क्लासला ‘बटण’ म्हणा, ‘क्ष’ म्हणा, नाहीतर कीबोर्डवर बोटं आपटून जे उमटेल ते म्हणा. सीएसएसमधलं नाव आणि पानातलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं की त्याचं भागतं. क्लासची नावं आपण ठेवतो ती माणसांसाठी. पुढच्या वर्षी कुणीतरी ही फाइल उघडणार, एखादी ओळ बदलणार आणि ती बदलल्याने कुठे काय हलेल याचा अंदाज फक्त नावावरून बांधणार. इतकं महत्त्वाचं हे काम, पण बऱ्याच ठिकाणी ‘टीमचा जो नियम असेल तो’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. मला ते मनापासून खटकतं.

मी मराठी नियतकालिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वेबसाइट बांधते. नाव ठेवताना माझा प्रश्न ठरलेला असतो: हे उद्या कशामुळे बदलेल, आणि बदलेल तेव्हा याच्याबरोबर आणखी काय बदलावं लागेल? जे एका कारणाने बदलतं त्याला एक नाव. दोन गोष्टी आज सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्यांना एका नावाखाली आणायचं नाही. वर्गणीच्या फॉर्ममध्ये चुकीचा पिनकोड टाकला की खाली लाल अक्षरं येतात, आणि ताज्या बातमीवरची पट्टीही लाल असते. दोन्हींना ‘लाल’ हा क्लास दिला की दोन मिनिटांत काम उरकतं. मग एक दिवस संपादक म्हणतात, अंकाचा रंग आता केशरी. पट्टी केशरी व्हायला हवी, चूक दाखवणारी सूचना लालच राहायला हवी, आणि नाव मात्र दोघींचं एकच! आता एकेक टेम्प्लेट उघडून कुठला लाल कशासाठी होता ते शोधत बसा. ‘ताजी’ आणि ‘चूक’ अशी दोन नावं असती, तर हा एका ओळीचा बदल होता.

२००५ साली गूगलने अब्जाहून अधिक वेबपानं तपासून त्यांत कोणकोणते टॅग आणि क्लास वापरले जातात याची पाहणी केली. ती इयन हिक्सन यांनी केली होती. पुढे एचटीएमएल ५चे संपादक झाले तेच हे. क्लासच्या यादीत सगळ्यात वर होता ‘फुटर’. ‘हेडर’, ‘नॅव्ह’, ‘मेन’ ही नावंही वरच्या फळीत होती. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या लोकांनी पानाच्या तळाच्या भागाला आपापलं तेच नाव दिलं होतं, कारण तो भाग तेच काम करत होता. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत शिफारस म्हणून आलं तेव्हा ही चारही नावं भाषेतले टॅग झालेली होती. त्याच यादीत ‘व्हाइट’ होता, ‘स्टाइल१’ही होता. त्यांचे टॅग झाले नाहीत. कामावरून पडलेली नावं भाषेत रुजली आणि दिसण्यावरून पडलेली मागे राहिली, असा मी त्याचा अर्थ लावते.

बूटस्ट्रॅपलाही हे वळण घ्यावं लागलं. २०११ मध्ये ट्विटरमधून बाहेर आलेल्या या सीएसएस-संचाच्या चौथ्या आवृत्तीत डावीकडच्या समासाचा क्लास ‘एमएल’ होता, उजवीकडचा ‘एमआर’. म्हणजे लेफ्ट आणि राइट. उर्दू किंवा अरबी पान उजवीकडून सुरू होतं. तिथे ‘डावा’ नावाच्या क्लासने समास उजवीकडे द्यायचा असला तर नावच खोटं ठरतं. २०२१च्या पाचव्या आवृत्तीत ती नावं ‘एमएस’ आणि ‘एमई’ झाली, स्टार्ट आणि एंड. ओळीची सुरुवात जिथे असेल तिथे समास. जगभरच्या साइटना त्यापायी आपापली टेम्प्लेट बदलावी लागली. तरी तो बदल मला योग्य वाटतो, कारण समास हवा असतो तो ओळ जिथून सुरू होते तिथे. बाजू डावी की उजवी हे लिपी ठरवते.

नावांच्या पद्धतींपैकी मला सगळ्यात जवळची वाटते ती यांडेक्स या रशियन कंपनीतून आलेली बेम. ब्लॉक, एलिमेंट, मॉडिफायर. ‘बातमी’ हा ब्लॉक. ‘बातमी__मथळा’ हा तिचा भाग, मध्ये दोन अंडरस्कोअर. ‘बातमी--मुख्य’ हा तिचा प्रकार, मध्ये दोन हायफन. दिसायला बोजड आहे, मान्य. पण त्यामागे पक्का हिशोब आहे. ‘बातमीच्या आतला मथळा’ असा दोन क्लासचा नियम लिहिला की ब्राउझरच्या तराजूत त्याचं वजन दोन होतं. त्याला मागे सारायला पुढचा माणूस तीन क्लासचा नियम लिहितो, त्याच्या पुढचा वैतागून ‘इम्पॉर्टंट’ ठोकतो, आणि तिथून त्या फाइलची वाट लागते. बेममध्ये जवळपास प्रत्येक नियमाचं वजन एकच. शिवाय तिथे ‘बातमी__तळ__तारीख’ असं नातवाचं नाव ठेवत नाहीत, ‘बातमी__तारीख’ म्हणतात. आज तळाशी असलेली तारीख उद्या मथळ्याखाली गेली, तरी ती बातमीचीच तारीख असते.

मराठी पानावर हे सगळं फार जवळून भिडतं. इंग्रजी मथळ्याच्या दोन ओळी अगदी चिकटवून ठेवल्या तरी बिघडत नाही. अक्षराच्या उंचीच्या १.१ पट अंतर पुरतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीत ‘पुणे’ आणि नेमका त्याच्याखाली ‘निर्णय’ आला, की पु-चा उकार वेलांटीत घुसतो. मोठ्या ठळक टाइपात तर ते लगेच डोळ्यांत खुपतं. मी १.४च्या आसपास जाते, फाँट पाहून कमी-जास्त करते. पान दोन्ही भाषांत असलं आणि क्लासचं नाव ‘मथळा’ असलं, तर भाषा ओळखणाऱ्या सिलेक्टरने एकदा सांगायचं: मराठी असेल तिथे मथळ्याला जास्त अंतर. संपलं. पण प्रत्येक मथळ्यावर ‘लीडिंग-टाइट’ डकवलेलं असलं, तर टेलविंड या तयार क्लासच्या संचात त्याचा अर्थ १.२५ पट असा ठरलेला आहे, आणि जितक्या जागी ते डकवलं तितक्या जागी जाऊन काढावं लागतं.

टेलविंडला मी नावं ठेवत नाही. ॲडम वॉदन यांनी २०१७ मध्ये ते आणलं तेव्हा त्यामागे खरी अडचण होती: एकदाच वापरायच्या डब्याला, आणि त्या डब्याभोवतीच्या डब्याला, काय म्हणून नाव द्यायचं? अशी ओढूनताणून पाडलेली नावं मीही पुष्कळ वाचली आहेत, आणि ती नसण्यापेक्षा वाईट असतात. कंपोनंटची स्वतंत्र फाइल असेल तर नाव त्या फाइललाच असतं. आतले समास, रांगा, फटी यांना वेगळं नाव कशाला? फेसबुकने २०२०च्या नव्या बांधणीत असेच सुटे क्लास यंत्राकडून पाडून घेतले आणि मुखपृष्ठावरचं सीएसएस ८० टक्क्यांनी घटवलं. माझा आग्रह एवढाच, की ज्या गोष्टीला संपादकीय विभागात नाव आहे तिला कोडमध्येही नाव हवं. ज्या फटीला तिथे कुणी नाव देत नाही, तिला मीही देत नाही.

उघडता-मिटता मेनू, निवडलेला टॅब अशा अवस्थांसाठी तर क्लास टाळलेलाच बरा. ‘एरिया-एक्स्पांडेड’ ही खूण दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मोठ्याने सांगतो. तिच्यावरच स्टाइल बसवली की डोळ्यांना एक आणि कानांना दुसरं, असं होत नाही.

नावं सरळ देवनागरीत का लिहू नयेत? सीएसएसची आडकाठी नाही. ‘बातमी__मथळा’ हे वर लिहिलंय तसंच चालतं. पण वर्गणी भरण्याच्या टप्प्यांना ‘पायऱ्या’ असा क्लास द्या. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड टिंबवाल्या ऱ-ने टाइप करतात, काही साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. ब्राउझर मात्र दोन्हींना वेगळं समजतो, नियम लागत नाही, आणि डोळ्यांना चूक दिसतच नाही. एकत्र काम करणाऱ्यांचे कीबोर्ड सारखे नसतात, म्हणून मी रोमन अक्षरं वापरते. शब्द मात्र मराठीच ठेवते, आणि त्यांचं स्पेलिंग एका यादीत पक्कं करून ती प्रकल्पासोबतच ठेवते.

ती यादी मी काम सुरू होण्याआधी उपसंपादकांपुढे ठेवते. एका अंकाच्या वेळी माझ्या यादीत ‘चौकट’ हे एकच नाव होतं, मजकुराच्या बाजूला रंगीत पार्श्वभूमीवर येईल त्या प्रत्येक तुकड्यासाठी. उपसंपादक बाईंनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. चौकटीत वेगळा मजकूर असतो, तो लेखात दुसरीकडे कुठेच नसतो, असं त्यांचं म्हणणं. लेखातलंच वाक्य उचलून मोठ्या टाइपात लावतात ती चौकट नव्हे. त्यांचं खरं होतं. मोबाइलवर जागा कमी पडली, तर चौकट लेखाखाली नेता येते पण गाळता येत नाही. उचललेलं वाक्य बेलाशक गाळता येतं, आणि स्क्रीन रीडरपासून तर ते लपवायलाच हवं, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानी तेच वाक्य दोनदा पडतं. त्या दिवशी यादीत ‘चौकट’च्या खाली ‘उचल’ हे नवं नाव लिहिलं, आणि दोघींचे नियम वेगळे केले.