लेण्यांच्या काळोखातले कोळी

गुहेत आढळणाऱ्या कोळ्यांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. पहिल्या गटातले कोळी जन्मभर पूर्ण काळोखात राहतात. त्यांचा रंग फिका आणि डोळे लहान असतात किंवा नसतातच. २०१२ मध्ये लाओसमधून नोंदला गेलेला सायनोपोडा स्कुरियन हा असाच डोळेविहीन शिकारी कोळी आहे. दुसऱ्या गटातले कोळी गुहेत पिढ्यानपिढ्या वाढतात, पण बाहेरही जगू शकतात. तिसरा गट आडोशापुरता आत येतो.

पहिल्या गटाला लागणाऱ्या खोल गुहा बहुधा चुनखडीच्या प्रदेशात तयार होतात, कारण तो दगड पाण्यात विरघळतो. ठाणे-कल्याणचा बेसाल्ट तसा विरघळत नाही. इथला काळोख मुख्यतः माणसाने कोरलेल्या लेण्यांमधला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आणि कल्याणजवळचे लोनाडचे खांडेश्वरी लेणे ही त्याची उदाहरणे. ही लेणी उथळ असल्याने त्यांत प्रामुख्याने दुसऱ्या-तिसऱ्या गटातले कोळी दिसतात.

लोनाडच्या लेण्यात प्रस्तुत लेखकाला उजेडाप्रमाणे वस्ती बदलताना दिसली. दाराशी गोल जाळी विणणारे कोळी होते, तर आतल्या कोपऱ्यांत छताला उलटे लटकलेले लांबपाये कोळी. विजेरीचा झोत जवळ नेताना जाळ्याला धक्का लागला, तेव्हा एक लांबपाया कोळी इतक्या वेगाने थरथरला की त्याचा आकार धूसर झाला. भक्षकाला नेम धरता येऊ नये, यासाठीची ही युक्ती. शेजारच्या मादीने अंड्यांचा पुंजका जबड्यात धरला होता. पिल्ले बाहेर येईपर्यंत ती तो असाच सांभाळते. भेगेत बसलेल्या शिकारी कोळ्याच्या मादीने चपटी अंडथैली पोटाखाली धरली होती. हा कोळी जाळे न विणता झुरळांवर झडप घालतो.

काळोखात हिरवी वनस्पती वाढत नाही, म्हणून कोळ्यांची संख्या बाहेरून येणाऱ्या अन्नावर ठरते. वटवाघळांची विष्ठा आणि वाहून आलेला पाचोळा यांवर किडे पोसले जातात आणि किड्यांवर कोळी. वटवाघळे उठून गेली की ही साखळी मुळाशीच तुटते. संख्येला दुसरा लगाम कोळ्यांचाच असतो: लांबपाये कोळी इतर कोळ्यांच्या जाळ्यांत शिरून त्यांनाही खातात. पहिल्या गटातल्या, म्हणजे खऱ्या गुहावासी जातींमध्ये अन्नाची टंचाई कायमची असते. त्यामुळे त्या सहसा मोजकीच, पण मोठी अंडी घालतात आणि त्यांची वाढ सावकाश होते. अशी वस्ती एकदा घटली की लवकर भरून येत नाही.

लेण्यांतल्या कोळ्यांच्या वस्तीवर लक्ष ठेवायचे तर मोजणीसाठी लेण्याचे दार, अंधुक भाग आणि काळोखा भाग वेगळे धरावेत. प्रत्येक भागातील तीच भिंत दर ऋतूत, शक्यतो त्याच वेळी तपासावी आणि रिकामी जाळी सोडून जिवंत कोळीच मोजावेत. पिल्ले आणि अंडी वाहणाऱ्या माद्या वेगळ्या नोंदवल्या तर वस्ती वाढते आहे की घटते आहे, याचा अंदाज येतो. सरसकट जळमटे झाडणे, धूर आणि रात्रभर जळणारे दिवे यांमुळे ही वस्ती विस्कळीत होते. म्हणून लेण्यांची निगा राखताना मूर्ती आणि वावराची जागा स्वच्छ ठेवून आतले काळोखे कोपरे तसेच सोडणे हिताचे आहे.