नगरचा कापड बाजार आणि गोल्फचा पोशाख

दिवाळीनंतर भाचीकडे नगरला जाणं झालं. २०२४ साली गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. जावई लष्करात. रणगाड्यांचं प्रशिक्षण देणारं मोठं केंद्र इथंच आहे. लष्करात गोल्फची गोडी जुनी. हल्ली तिथल्या बायकाही खेळतात.

"अगं, मग तू का नाही जात?" मी विचारलं.

"मला नाही आवडत, मावशी."

रात्री ओटा आवरताना खरं कारण बाहेर पडलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली, तेव्हा पहाटे उठून हिनं तो खेळ पाहिला होता. आवड होतीच! पण पुण्यातल्या एका दुकानात तिनं कपडे पाहून ठेवले होते. टी-शर्ट ३५०० रुपये, आतून चड्डी जोडलेला स्कर्ट ४५००, टोपी १५००. म्हणजे ९५०० झाले!

"एवढे पैसे माझ्या हौसेसाठी मागायचे? त्यापेक्षा आवडत नाही म्हटलेलं बरं," ती म्हणाली.

मैत्रिणींनो, असं 'आवडत नाही' आपण किती वेळा म्हटलंय!

मी म्हटलं, "आधी नियम काय आहेत ते तर विचार." तिनं फोन केला. कॉलरचा टी-शर्ट हवा, साधी नीट शिवलेली पँट चालेल, जीन्स नको. बस्स! छाप कुठली हवी, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापड बाजारात. साड्यांच्या दुकानांवरून नजर हटत नव्हती, पण थेट गणवेशाच्या दुकानात शिरलो. शाळेच्या खेळाच्या तासाला मुली घालतात तसला कॉलरचा टी-शर्ट मोठ्या मापात ३५० ला मिळाला. घाम चटकन वाळणारं, तसलंच कापड. पँटसाठी थोडं ताणणारं कापड ७०० चं घेतलं, टोपी २०० ची. मग भिंगारला गेलो. एके काळी हातमागाच्या लुगड्यांसाठी नावाजलेलं हे गाव छावणीला अगदी लागून आहे. तिथल्या शिंप्याने ६०० रुपयांत पँट शिवली. सगळे मिळून १८५० रुपये.

शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगाव्यात. खिसे खोल हवेत, चेंडू राहिला पाहिजे. कमरेला मागच्या बाजूनं इलॅस्टिक घालावं. आणि पँट घालून वाकून, बसून पाहिल्याशिवाय शेवटची शिलाई मारू नये. टी-शर्ट घेताना दोन्ही हात जोडून खांद्यावरून मागे न्यावेत. काखेत ओढ बसली तर एक माप मोठं घ्यावं. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या कपड्यावर १८. वाचलेले पैसे बुटांवर घालावेत. उन्हात तासन् तास चालायचं असतं, तिथं काटकसर नको.

रविवारी ती खेळायला गेली. पहिला चेंडू जेमतेम दहा पावलं गेला म्हणे! कपडे कुठून घेतले, असं मात्र एकीनं मुद्दाम विचारलं. हिनं न लाजता गणवेशाच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

निघताना जावई मला म्हणाले, "मावशी, हिला गोल्फ आवडतो, हे मला ठाऊकच नव्हतं."