चांगली छाप

मी उर्दू शाळेत गणित शिकवते. माझ्याच हाताखाली शिकलेली भाची सीए इंटर पास झाली. 2023 पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, म्हणून ती कुठल्या फर्ममध्ये मिळते याला फार महत्त्व. एका फर्मने निवडीआधी मुलांना चहापानाला बोलावले होते.

आदल्या रात्री मी तिची तयारी करून घेतली. वेळेआधी पोहोच. बायोडाटा जवळ ठेव. एकाच साहेबाभोवती घोटाळू नकोस. ऑडिट जास्त की टॅक्स, शिकाऊ मुलांना काय काम देतात, ते विचार. उठता उठता म्हटले, "उर्दू मीडियमचं आपणहून सांगू नकोस."

ती गप्प राहिली.

तिथे एका मॅडमनी शाळा विचारली. हिने सरळ सांगून टाकले.

"मग हिशेब उजवीकडून लिहायचात?"

"नाही मॅडम. अक्षरं उजवीकडून, आकडे डावीकडूनच."

मॅडम हसल्या. मग बँक जुळवणी पत्रकावर दोघी बराच वेळ बोलल्या. घरी येताच हिने त्यांना आभाराचे दोन ओळींचे ईमेलही पाठवले.

निवडीचे अजून कळलेले नाही. पण, "खाला, आपल्या शाळेचं नाव का लपवायचं?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हजेरी घेताना मुलींना "हाजिर" मोठ्याने म्हणायला लावणारी मीच.