मामांचं देणं

साठीला टेकले तरी माझी पाठ धड आहे. सिव्हिल इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी साइटवर गेली, उन्हातान्हात, स्लॅबवर, परांचीवर. माझ्याबरोबरचे कितीतरी जण आज कमरेला पट्टा बांधून फिरतात. मी फिरत नाही, हे एका मुकादमाचे उपकार आहेत. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणत आले.

मामा १९७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून पुण्यात आले आणि भुसार बाजारात हमालीला लागले. तेव्हा पोतं १०० किलोचं असायचं. माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओझं पाठीवर घेऊन दिवसभर फळीवरून चढउतार करायची. पोत्याचं वजन ५० किलोवर आणा, ही मागणी डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने लावून धरली, तेव्हा मामाही मोर्च्यात असायचे. पण तोवर त्यांची कंबर गेली होती. सकाळी उठल्यावर भिंत धरून उभं राहावं लागे. मग ते बांधकामावर आले, मुकादम झाले, आणि आपल्या हाताखालच्या एकाही माणसाची कंबर अशी जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पुण्याच्या हडपसर बाजूच्या एका इमारतीवर माझी पहिली नोकरी लागली, तिथे मला ते भेटले.

माल येणार असला की आदल्या संध्याकाळी मामा ट्रक जिथे उभा राहणार तिथून गोदामापर्यंत स्वतः चालून बघायचे. वाटेतली खडी झाडायला लावायची, खिळे निघालेल्या सेंटरिंगच्या फळ्या बाजूला करायच्या, पाइपच्या चरावर जाड फळी टाकून तिच्यावर स्वतः उड्या मारून बघायच्या. गोदामाच्या दाराशी विटा आणि फळ्या रचून कमरेइतका ओटा करून घ्यायचा. पोतं ट्रकच्या फाळक्यावरून थेट पाठीवर, पाठीवरून ओट्यावर. जमिनीला लागू द्यायचं नाही. "खाली ठेवलेलं पोतं परत उचलावं लागतं ताई, आणि माणूस मोडतो तो तिथंच," असं ते सांगायचे. सिमेंटची थप्पी दहा पोत्यांपेक्षा उंच नको, असं आपलं मानक सांगतं, ते खालच्या सिमेंटचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून. मामा आठवरच थांबवायचे. नववं पोतं चढवायला हात खांद्याच्या वर न्यावे लागतात, एवढंच त्यांचं कारण होतं.

सळईची गोष्ट वेगळी. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, हे सूत्र प्रत्येक साइट इंजिनिअरला पाठ असतं. १२ मीटर लांबीची २५ मिलिमीटरची सळई त्या हिशेबाने सुमारे ४६ किलो भरते, ३२ ची ७६ च्या आसपास. आकडा ऐकून चौघांना ती सहज जमेल असं वाटतं. पण सळई लवते, टोकं झुलतात, आणि मधल्या माणसाच्या खांद्यावर कधी सगळा भार येतो तर कधी काहीच नाही. मामा आधी माणसं उंचीने लावायचे. उंच एकीकडे आणि बुटका एकीकडे असं चालायचं नाही. सगळ्यांचा खांदा एकच, डावा तर डावा, खाली घडी घातलेलं गोणपाट. आणि टाकायची ती एका हाकेवर, एकाच बाजूला. हाक येण्याआधी एकाने जरी सोडली तरी उसळलेली सळई उरलेल्यांची मान धरते. ती हाक मामा स्वतः द्यायचे, दुसऱ्याला देऊ द्यायचे नाहीत.

मोमेंट मी कॉलेजात शिकले होते. वजन आणि अंतर यांचा गुणाकार. मामांनी तो मला माझ्याच शरीरात दाखवला. एक वीट पोटाशी धरायला लावली, मग तीच वीट हात लांब करून. कण्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. २० किलोचं ओझं अर्ध्या मीटरवर धरलं तर त्या स्नायूंना त्याच्या दहापट, म्हणजे २०० किलोइतका जोर लावावा लागतो. हा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. मामांचं त्याआधीच सांगून झालं होतं: ओझं अंगाशी घ्या, गुडघ्यात वाका, वळायचं तर पाय वळवा, कंबर वळवू नका.

सकाळच्या पहिल्या तासात ते जड काम देत नसत. स्लॅबवर पाणी मारा, जागा झाडा, सामान मोजा. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो, हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. मामांना ते स्वतःच्या कमरेने शिकवलं होतं.

बायकांच्या घमेल्यावर त्यांचं बारीक लक्ष असे. फावडंवाल्याला ओरडायचे, "शिग लावू नको रे!" घमेलं काठाला सपाट, चुंबळ जाड आणि कोरडी. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्या पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलो आणि बाईने उचलायच्या ओझ्याला ३० किलो अशी मर्यादा घालून दिली. कुठल्याही साइटवर जाऊन बघा, ते नियम किती जणांना माहीत आहेत. मला याचा राग येतो आणि तो कमी होऊ नये असंच वाटतं. मामा एकदा गावी गेले असताना ठेकेदाराने रात्रीच ट्रक रिकामा करून घेतला. अंधारात, ओट्याशिवाय, घाईत. एक कोवळा पोरगा पोतं घेऊन कमरेतून वळला आणि गुडघ्यावर बसला. पुढे त्याने ओझ्याचं काम कधीच केलं नाही. हिशेबाचे पैसे देऊन त्याला गाडीत बसवलं, एवढंच झालं.

माझं खरं देणं मात्र घरातलं आहे. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांना खाटेवरून खुर्चीत घेणं माझ्याकडे आलं. वडील चांगले धिप्पाड. पहिल्या दिवशी शेजारचे दोघे धावून आले आणि काखेत हात घालून ओढू लागले, वडील कळवळले. मी त्यांना थांबवलं. आधी वाट मोकळी केली, पायपुसणं उचललं, खुर्ची खाटेला चिकटवली, तिच्या चाकांचे ब्रेक लावले. वडिलांना कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, बसतं केलं. माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांशी, त्यांची छाती माझ्या छातीशी. "बाबा, तीन म्हटलं की उठायचं." हाक मीच दिली. पाय वळवले आणि ते खुर्चीत बसले. त्यांच्या अखेरपर्यंत हे रोज चाललं. ते एकदाही पडले नाहीत, माझी कंबर एकदाही धरली नाही, आणि आपण कुणाला ओझं झालो असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

हे मामांना सांगायला मी त्यांच्या गावी गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायचीस? चांगल्या हाताच्या बाजूला, म्हटल्यावर मान हलवली.

आता मी नकाशावरच ट्रक उभा राहण्याची जागा, ओटा आणि मालाची वाट काढून देते. अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ असते. खर्च कमी करायची वेळ आली की मालकांचं बोट बहुतेक वेळा त्याच ओळीवर जातं. दुसरं काय हवं ते कापा, म्हणते.