दोष ब्राउझरचा की आमचा?

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती आणि वसतिगृह प्रवेशाची माहिती देणारी वेबसाईट तयार केली. ती देखणी व्हावी म्हणून रात्री जागवल्या. जुन्या ब्राउझरवरून कोणी आले, तर त्याला फक्त एक ओळ दिसे : 'आपला ब्राउझर जुना आहे, कृपया अपडेट करा.' आम्हाला वाटले, आपले काम झाले.

मग तालुक्याच्या गावातून एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, सायबर कॅफेत विंडोज एक्सपी आहे. कॅफेवाले दादा नवीन काही टाकू देत नाहीत. अर्जाची शेवटची तारीख तेवढी सांगा ना." तारीख आदल्याच दिवशी उलटून गेली होती.

मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. एक्सपीवर क्रोम ४९ व्या आवृत्तीपुढे जातच नाही. म्हणजे त्या मुलाने काय अपडेट करायचे? 'अपडेट करा' हा सल्ला ज्याच्या मालकीचे मशीन आहे त्याच्यासाठी. भाड्याच्या खुर्चीवर बसलेल्याला तो सल्ला म्हणजे बंद दारच.

युनिकोड रुळण्यापूर्वी कित्येक मराठी वेबसाईट फक्त इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट वाचता येत. दुसरीकडे अक्षरांची नुसती खिचडी दिसे. तेव्हा आपणच चिडत होतो ना? मग तेच आम्ही दुसऱ्याच्या वाट्याला कसे आणले?

कोणी म्हणेल, जुना ब्राउझर धोक्याचा असतो. खरे आहे. पासवर्ड, बँक खाते, आधार क्रमांक तिथे भरू नका, हे बजावलेच पाहिजे. पण एक तारीख वाचायला कसला धोका? ब्राउझरला न समजलेला सीएसएसचा नियम तो सोडून देतो, मजकूर तरीही दाखवतो. अडवले ते आमच्या कोडने.

आम्ही ती अडवणूक काढली. आधी साधा एचटीएमएल मजकूर, सजावट आणि स्क्रिप्ट नंतर. ब्राउझरचे नाव विचारणे बंद केले. हवी ती सोय त्यात आहे का, एवढेच तपासतो. सूचना आजही दिसते, पण वरच्या पट्टीत. तारीख तिच्याखाली ठळक अक्षरांत असते.

त्या मुलाचे वर्ष मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही. म्हणून वेबसाईट बनवणाऱ्या तरुणांना एकच सांगणे : आपल्या नव्या लॅपटॉपवर नव्हे, आधी गावातल्या सर्वांत जुन्या मशीनवर ती उघडून बघा.