बर्फातला शब्बाथ

बर्फ म्हटले की आम्हां मुंबईकरांना आठवतो तो उसाच्या रसातला खडा, नाहीतर कोळणीच्या पाटीतला! आभाळातून पडणारा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो तिशी उलटल्यावर; आणि तोही काश्मिरात नव्हे, तर जेरुसलेमला, आत्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून.

त्या उन्हाच्या देशात बर्फ कसला, असे तुम्हांला वाटेल. पण जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे आणि काही हिवाळ्यांत तिथे थोडाफार बर्फ पडतो. २०१३ च्या डिसेंबरात मात्र तो असा पडला की, तेल अवीवकडे उतरणारे रस्ते बंद झाले, झाडे मोडली आणि हजारो घरांतली वीज गेली. गुरुवारी, १२ तारखेला, सुरुवात झाली. शुक्रवारी सकाळी आमच्या इमारतीतले दिवे गेले. त्यातून त्याच दिवशी तेबेत महिन्याच्या दहाव्या तिथीचा उपास! सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेमला वेढा घातला, त्याची ही आठवण. आमच्याकडे उपासाला रोजा म्हणतात. खिडकीबाहेर पाहत आत्या म्हणाली, "यंदा रोजाही खरा आणि वेढाही खरा!"

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणचे ज्यू. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात आमच्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणे. गावाला तेवढी ओळख पुरत असे. १९६३ साली विशीतली आत्या थोरल्या काकांबरोबर इस्राएलला गेली, तेव्हा लग्नाच्या नोंदीसाठी एका कचेरीत मात्र तिला विचारण्यात आले, "तुझ्या आईची आई, तिची आई, या ज्यूच होत्या कशावरून?" १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत असा निर्वाळा दिला. आत्याचे लग्नही लागले. पण तो प्रश्न तिच्या मनात रुतला तो रुतलाच. अलिबागहून नेलेली काचेची हंडी तिने कपाटावर ठेवून दिली आणि शेजारणींसारख्या मेणबत्त्या लावू लागली.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो. मग शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, विझवायचाही नाही. एरवी अन्न विजेच्या तव्यावर ऊन राहते. आता वीजच नव्हती. आत्याने दुपारीच गॅसवर भात आणि नारळाच्या दुधातली कोंबडी केली. (मांसाबरोबर दूध आम्हांला वर्ज्य, पण नारळाला कोणाची हरकत!) दोन्ही पातेली तिने गोधडीत गुंडाळली. दुकाने बंद, घरात द्राक्षारस नाही. तेव्हा मनुका भिजवून, कुस्करून, गाळून प्याला भरला. मग स्टूल मागितले.

"मेणबत्ती तीन तासांत संपेल. रात्र मोठी आहे," असे म्हणत तिने हंडी खाली काढली. खोबरेल तेल गोठून दगड झाले होते. म्हणून कोकणच्या हंडीत तिथले जैतुनाचे तेल पडले, आणि चार वाजता वात पेटली.

रात्री समोरच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बाई भिंत चाचपडत आल्या. मूळ घराणे पोलंडचे. त्यांच्या मेणबत्त्या संपल्या होत्या. आमच्याबरोबर चार घास जेवून त्या कितीतरी वेळ हंडीकडे पाहत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारले, "ही कोणाची?"

आत्याने हिब्रूत उत्तर दिले, "माझ्या आईच्या आईची. तिला तिच्या आईने दिली होती."

मग ती थबकली आणि माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाली, "हे त्या कचेरीत सांगायचे राहिलेच बघ गं!" आम्ही दोघी इतक्या हसलो की बाई गोंधळल्या. हसताहसता आत्याने डोळ्यांना पदर लावला.

रविवारी संध्याकाळी वीज आली. हंडी मात्र पुन्हा कपाटावर गेली नाही.

आत्या आता नाही. तिच्या मुलीला मराठी फारसे येत नाही. खाण्याच्या जिनसांची नावे आणि दोन-चार लाडाच्या शिव्या, एवढेच. पण दर शुक्रवारी दुपारी ती कापूस घेऊन बसते. वात तिला माझ्यापेक्षा चांगली वळता येते.